निरसं दूध आणि चार तास

दुधासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतला 'निरसं' हा मला फार नेमका वाटतो. कासेतून नुकतं आलेलं, जनावराच्या अंगची ऊब असलेलं ते धारोष्ण. चुलीवरून उतरलेलं ते तापवलेलं. खूपच वेळ राहिलं तर आटवलेलं. या सगळ्यांच्या मधे, धार निघाल्यापासून आच लागेपर्यंतचं दूध म्हणजे निरसं. या शब्दात घाई आहे. निरसं दूध ठेवू नये, निरसं दूध पोराला देऊ नये, असं म्हणताना घरातली बाई घड्याळाकडे बघत नसते, पण तिच्या डोक्यात एक घड्याळ चालू असतं. उन्हाळ्यात ते साधारण चार तासांचं असतं. पुढं दूध कधीही दगा देतं.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात माझी आत्या राहते. दोन संकरित गाई, एक म्हैस, आणि त्यांच्याभोवती फिरणारा सगळा दिवस. दोनेक वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी तिच्याकडे होतो. संध्याकाळी किटली घेऊन तिच्याबरोबर डेअरीवर गेलो. डेअरी म्हणजे पत्र्याच्या शेडमधलं संकलन केंद्र. मापाचं भांडं, यंत्रावर दूध तपासणारा पोरगा, त्यातून निघणारी चिठ्ठी. फॅट 3.6, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) 8.3. गाईच्या दुधाचा भाव 3.5 आणि 8.5 ला धरलेला असतो. एसएनएफ दोन पॉइंट खाली, म्हणजे तेवढी कपात. रांगेतल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्या संध्याकाळी गोंधळ वेगळाच होता. दुपारभर वीज नव्हती, जनरेटरला डिझेल नव्हतं, आणि सकाळचं दूध नेणारा टेम्पो आलाच नव्हता. पोरानं कॅनमधलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. नळीत दाणे दिसले. दूध फुटलं होतं. चार कॅन गेले. त्यांत आत्याचं सकाळचं अकरा लिटर होतं. तिचं नेमकं कुठलं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण कॅनमध्ये सगळ्यांचंच एक झालेलं असतं.

परतताना मी शहरी माणसासारखं विचारलं, "आत्या, सकाळी घरीच तापवून ठेवलं असतंस तर?"

"तापवल्यालं दूध घेत्यात का डेअरीत?" ती म्हणाली, आणि विषय संपवून वैरणीकडे वळली.

हा लेख खरं तर त्या एका वाक्याचा आहे. कारण त्यानंतर मी उन्हावर दूध पाश्चराइज करण्याच्या स्वस्त यंत्रांबद्दल बरंच वाचलं, थोडं करूनही पाहिलं, आणि प्रत्येक वेळी गाडी तिच्या प्रश्नापाशी येऊन थांबली. यंत्र बनवणारे लोक हुशार असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. पण दूध तापवणं हा या गोष्टीतला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि बहुतेक यंत्रं तेवढाच भाग सोडवून मोकळी होतात.

सोपा म्हणजे किती, ते आकड्यांत बघू. दूध पाश्चराइज करण्याचे दोन रूढ मार्ग आहेत. 63 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं, किंवा 72 अंशांवर 15 सेकंद. मोठ्या डेअरीत दुसरा चालतो, लहान भांड्याला पहिला सोयीचा. एक लिटर दूध एका अंशानं तापवायला साधारण चार किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे दहा लिटर दूध 30 अंशांवरून 65 वर न्यायला सुमारे 1400 किलोज्यूल, विजेच्या हिशोबानं जेमतेम 0.4 युनिट. आपल्याकडे भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर एक किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. निम्मं वाया गेलं असं धरलं तरी पाऊण-एक तासात काम होतं. चहाचं आधण ठेवण्याइतकं सरळ गणित आहे.

मी ते गच्चीवर करून पाहिलं. पेटीचा सौर कुकर, बाहेरून काळा केलेला डबा, दोन लिटर दूध, मार्च महिना. अकराला ठेवलं, बारा पंचविसाला तापमापीनं 63 दाखवले, एकपर्यंत ते 71 वर गेलं. जमलं. फक्त डबा न ढवळता ठेवला होता म्हणून वरच्या थराचं आणि तळाचं तापमान सारखं नव्हतं, आणि वर साईचा पापुद्रा धरला होता. पाश्चरीकरणात हाच धोका असतो. भांड्यातल्या प्रत्येक थेंबाला 63 अंश आणि 30 मिनिटं मिळायला हवीत. फेसाला, झाकणाच्या कडेला, तोटीच्या नळीत अडकलेल्या घोटाला ती मिळाली नाहीत, तर तेवढं दूध निरसंच राहतं आणि बाकीच्यात मिसळतं. घरी उकळताना ही अडचण येत नाही, कारण दूध वर येतं आणि आपण गॅस बंद करतो. उतू जाणं ही आपल्या घरातली सगळ्यात जुनी तापमापी आहे. 63 अंशांना असं काही दिसत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी या अडचणीवर एक छान उपाय निघालेला आहे. पारदर्शक नळीत मेणाचा तुकडा. पाणी पुरेसं तापलं की मेण वितळून खाली बसतं, आणि गार झाल्यावरही तिथंच राहतं. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळतं. दुधासाठी त्याच्या जोडीला वेळही मोजावी लागते.

इथं जरा आडवळण घेतो. उन्हाच्या उष्णतेवर काम करून घेण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी 1870 च्या दशकात मुंबईत होता. त्यानं कुलाब्याला आपल्या आवारात सपाट आरशांची रांग उभारून बॉयलर तापवला, त्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला, आणि 1878 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढं काही झालं नाही. शंभर वर्षांनी सरकारी अनुदानातून सौर कुकर घरोघर आले, त्यांचंही फारसं वेगळं झालं नाही. आमच्याकडच्या कुकरचा आरसा वडिलांनी दाढीसाठी न्हाणीघरात लावला होता, आणि पेटीत कित्येक वर्षं कांदे होते. कुकर चांगला होता. वरण-भात उत्तम व्हायचा. पण तो व्हायचा दुपारी दीडला, आणि आईला सकाळी साडेआठला डबे भरायचे असायचे.

दुधाचं तर याहून अवघड आहे. गाय पहाटे पिळतात आणि संध्याकाळी पिळतात. ऊन असतं दहा ते चार. म्हणजे ज्या वेळी दूध असतं त्या वेळी ऊन नसतं, आणि ज्या वेळी ऊन असतं त्या वेळी दूध डेअरीत गेलेलं असतं. सौर पाश्चरीकरणाच्या चित्रांत नेहमी भर दुपारी चकाकणारी तबकडी आणि तिच्यापाशी हसऱ्या चेहऱ्याची बाई असते. ती बाई दुपारी बारा वाजता कुठलं दूध तापवते आहे, हे मला कधी कळलेलं नाही. सकाळी सहाचं असेल तर त्याचे चार तास केव्हाच सरलेत. शिवाय पाश्चरीकरण जंतू मारतं, दुधात आधीच तयार झालेला आंबटपणा काही परत नेत नाही.

याला उत्तर आहे, आणि ते तबकडीपेक्षा फार साधं आहे. दूध उन्हात ठेवूच नका, उन्हानं पाणी तापवून ठेवा. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर असतात तसल्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या सोलर हीटरमध्ये उन्हाळ्यात पाणी वापरलं नाही, तर 80 अंशांच्या पुढं सहज जातं, आणि चांगल्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत बऱ्यापैकी गरम राहतं. शंभर लिटर पाणी 80 वरून 68 वर उतरताना सुमारे 5000 किलोज्यूल देतं. त्यात कागदावर 35 लिटर दूध पाश्चराइज होतं. गळती, नळ्या, भांड्याचं वजन धरून 25 म्हणू. दुहेरी तळाचं स्टीलचं भांडं, बाहेरच्या पोकळीत गरम पाणी, आत दूध, ढवळायला हाताचा दांडा. धार काढल्या काढल्या ओतलं तर दूध मुळातच पस्तीस-छत्तीस अंशांवर असतं, तेवढं काम गाईनंच करून ठेवलेलं असतं. करपण्याचा धोका नाही, कारण पाणीच 80 च्या आसपास आहे. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने मात्र दुसरी सोय हवी. ते लपवून हे यंत्र विकणाऱ्याकडून काही घेऊ नये.

तर यंत्र जमतं. आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो.

तिनं सगळं दूध 63 अंशांवर अर्धा तास ठेवलं, तर तिला काय मिळेल? लिटरमागे एक पैसा जास्त मिळणार नाही. भाव फॅट आणि एसएनएफवर आहे, जंतूंच्या संख्येवर नाही. डेअरी ते दूध घेतलंच तर दुसऱ्यांदा पाश्चराइज करणार, कारण वाटेत त्यात चाळीस घरांचं निरसं दूध मिसळलेलं असतं. आणि शहरातला गिऱ्हाईक पिशवी फोडून तिसऱ्यांदा उकळणार, कारण पिशवीवर काहीही छापलेलं असलं तरी दूध तापवल्याशिवाय प्यायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी आहे. या देशात दूध सुरक्षित करण्याचं शेवटचं काम घराघरातल्या पातेल्यात रोज होतं. 'शेतकऱ्याच्या दारात पाश्चरीकरण झालं तर जनतेचं आरोग्य सुधारेल' हा यंत्रांच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद म्हणूनच मला आपल्याकडे लंगडा वाटतो. माल्टातल्या सैनिकांना ताप येत होता, डेव्हिड ब्रूसनं 1887 मध्ये त्याचा जंतू, म्हणजे ब्रुसेला, शोधला आणि 1905 मध्ये तो शेळीच्या निरशा दुधातून येतो हे थेमिस्टोक्लीस झामित यांनी दाखवलं, तेव्हा ते दूध न पिणं हाच उपाय ठरला. आपल्याकडे ब्रुसेलाची लागण होते ती बरीचशी गोठ्यात. गाभडलेल्या गाईची वार हातानं काढणाऱ्या माणसाला कुठलंही पाश्चरायझर वाचवत नाही. त्याला लागतात हातमोजे, आणि कालवडींना लस.

तसंच भेसळीचं आणि विषारी अंशांचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. भेसळीचे फक्त 12 निघाले. पण 5.7 टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि कडब्यातून, आणि 63 काय, 100 अंशांनाही ते दाद देत नाही. प्रतिजैविकांचे अंशही आचेला फारशी दाद देत नाहीत.

मग पाश्चरीकरण शेतकऱ्याला देतं काय? वेळ. निरशा दुधाचे चार तास पुढं ढकलून देतं. आणि दुधाच्या धंद्यात ज्याच्याकडे वेळ, त्याच्याकडे भाव. हे पुस्तकी वाटत असेल तर आणंदचा इतिहास आठवा. मुंबई सरकारनं 1945 मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली. खेडा जिल्ह्यातलं दूध चारशे किलोमीटरच्या वर प्रवास करून मुंबईला यायचं. इतक्या लांब ते निरसं येणं शक्यच नव्हतं. आणंदला पाश्चरीकरणाची सोय होती ती पोल्सन या खासगी कंपनीकडे. म्हणून दूध घेण्याचा हक्क पोल्सनचा आणि भाव पोल्सनचा. शेतकऱ्याचं जनावर, शेतकऱ्याची वैरण, पण यंत्र दुसऱ्याचं. जानेवारी 1946 मध्ये सामरखा गावातल्या सभेत ठरलं की संघ आपला असावा. पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध घातलं नाही. डिसेंबरमध्ये संघाची नोंदणी झाली, आणि जून 1948 मध्ये संघानं स्वतः दूध पाश्चराइज करून मुंबईला पाठवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी व्हर्गीस कुरियन आणंदला आले, तेव्हा संघाची जुनाट यंत्रं सतत बंद पडत होती आणि मुंबईहून नासलेलं दूध परत येत होतं. त्यांनी संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांना दिलेला पहिला मोठा सल्ला होता नवं पाश्चरायझर घेण्याचा. अमूलची गोष्ट आपण सहकाराची गोष्ट म्हणून सांगतो. ती तितकीच एका यंत्राच्या मालकीची गोष्ट आहे.

आपल्याकडची आंदोलनं याच्या शेजारी ठेवून पाहा. 1 जून 2017 ला पुणतांब्यातून निघालेल्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतलं गेलं. जुलै 2018 मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी संघटनेनं मुंबईचं दूध अडवलं, तेव्हा गाईच्या दुधाला 17 रुपयांच्या आसपास भाव मिळत होता. सरकारनं 25 रुपये जाहीर केले. रस्त्यावर दूध ओतलेलं पाहून शहरातले लोक हळहळतात, 'गरिबांना वाटायचं तरी' असं म्हणतात. वाटायला चार तास असतात. ज्या मालाला संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही, त्याचा संप असाच दिसणार. कांदेवाला चाळीत कांदा अडवू शकतो, सोयाबीनवाला पोती घरात ठेवू शकतो. दूधवाल्याला 'आज देत नाही' म्हणायचं तर ओतावंच लागतं.

म्हणून या यंत्रांचा कस मी एकाच प्रश्नावर लावतो. हे यंत्र आत्याच्या हातात 'आज देत नाही, उद्या देईन' म्हणण्याची ताकद देतं का? नुसतं तापवणारं यंत्र देत नाही. पाश्चराइज केलेलं दूध एप्रिलच्या चाळीस अंशांत उघड्यावर ठेवलं, तर उरलेले जंतू सकाळपर्यंत पुन्हा पसरतात. डेअरीत 63 किंवा 72 च्या पाठोपाठ लगेच चार अंश येतात, त्याला कारण आहे. निम्मं पाश्चरीकरण हे गार करणं आहे. आणि ऊन तापवायला जितकं तत्पर, तितकं गार करायला नाही. दहा लिटर दूध विहिरीच्या पाण्यानं 30 अंशांवर आणलं, तरी पुढं चारपर्यंत नेताना आणखी हजारेक किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे सव्वातीन किलो बर्फ.

यावर मला सगळ्यात पटलेलं काम जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाचं आहे. त्यांनी ट्युनिशिया आणि केनियातल्या लहान शेतकऱ्यांसाठी सौर विजेवर चालणारा एक फ्रीझर बसवला. तो दिवसभर दूध गार करत नाही, बर्फ करतो. संध्याकाळी धार निघाली की दुधाच्या कॅनच्या आत बर्फाची नळकांडी बसवायची, आणि भोवती जाड आवरण असलेला तो कॅन सकाळपर्यंत ठेवायचा. ऊन आणि दूध यांच्या वेळा जुळत नाहीत, हे त्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बॅटरीऐवजी बर्फ साठवला की शेतकऱ्याला दुरुस्तीचं एक दुखणं कमी. पुण्यातही प्रोमिथियन नावाची कंपनी याच विचारानं संकलन केंद्रांसाठी चिलर बनवते. वीज असेल तेव्हा थंडावा साठवायचा, दूध येईल तेव्हा वापरायचा. त्या एप्रिलच्या दुपारी असलं काही आत्याच्या डेअरीवर असतं तर चार कॅन वाचले असते. तिथं पाश्चरायझरचा उपयोग शून्य होता.

मोठ्या डेअऱ्यांनी ऊन वापरलेलं नाही असं नाही. लातूरला महानंदच्या डेअरीत 2006 च्या सुमारास 'अरुण' नावाची सुमारे 160 चौरस मीटरची तबकडी बसवली गेली. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या कामातून ती उभी राहिली. सूर्यामागे फिरणारी, दाबाखालचं पाणी तापवून पाश्चरीकरणाला उष्णता देणारी. अभियांत्रिकी म्हणून ते देखणं काम आहे, आणि बॉयलरचं इंधन त्यानं वाचलं. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 73 तबकड्यांची वाफ हजारो लोकांचं जेवण शिजवते, तेही मी कौतुकानं पाहिलं आहे. पण लातूरच्या तबकडीमुळे दूध घालणाऱ्याच्या चिठ्ठीवरचा आकडा बदलला नाही, आणि तो बदलावा असा तिचा उद्देशही नव्हता. ऊन तेच, दूध तेच. ते कोणाच्या आवारात एकत्र येतात यावर फायदा कोणाचा हे ठरतं.

लहान सौर पाश्चरायझर जगात जिथं खरंच कामाला आले, तिथलं चित्र म्हणूनच बघण्यासारखं आहे. अर्जेंटिनाच्या साल्टा भागात शेळीपाळांसाठी स्वस्त आरशांचं यंत्र बनवलं गेलं. ते लोक दूध विकतच नाहीत, चीज करतात. निरशा दुधाच्या चीजमधून ताप पसरतो, सरपण डोंगरात मिळत नाही, आणि चीज महिनाभर टिकतं. उत्तर केनियातल्या उंटपाळांसाठी सपाट संग्राहकाचं यंत्र झालं. तिथं पुढची डेअरी दिवसभराच्या वाटेवर आहे. दोन्हीकडे दुधाची गाडी येत नाही, आणि दोन्हीकडे तापवल्यानंतर दुधाचं पुढं काय होणार हे ठरलेलं आहे.

आपल्याकडे गाडी न येणाऱ्या मुलखानं यावर फार पूर्वी आपलं उत्तर काढलं. त्याचं नाव खवा. भूम, वाशी, पाटोदा या पट्ट्यात, किंवा चिखलदऱ्याच्या आसपासच्या गवळ्यांच्या वाड्यांत खवा का झाला? तिथल्या दुधात काही वेगळा गुण होता म्हणून नव्हे. दूध शहरात पोचण्याआधी नासायचं, खवा पोचायचा. तूप, दही, खवा हे सगळे घड्याळ थांबवण्याचे प्रकार आहेत. पाश्चर यांनी 1860 च्या दशकात वाइनवर प्रयोग केले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथली बाई वैलावर दूध मंद आचेवर ठेवून दुपार काढत होती. वैल म्हणजे चुलीचं मागचं तोंड, जिथं जाळाची उरलेली धग येते. तांबूस सायीचं ते दूध रात्रीपर्यंत टिकायचं. त्याला कुणी तंत्रज्ञान म्हटलं नाही, कारण त्याला अनुदान नव्हतं.

खव्याचा जाळ मात्र जबर आहे. पाच लिटर गाईच्या दुधाचा किलोभर खवा होतो, म्हणजे चार लिटर पाणी वाफ करून उडवायचं. त्याला सुमारे नऊ हजार किलोज्यूल लागतात. तेच दूध पाश्चराइज करायला सातशे. सगळा जाळ लाकडाचा, आणि चिखलदऱ्याकडे ते लाकूड मेळघाटचं. इथं सौर यंत्रवाला लगेच पुढं येईल, तर त्यालाही हिशोब दाखवायला हवा. साध्या सोलर हीटरनं दूध आधी तापवून घेतलं, तर एकूण उष्णतेतला फार तर आठवा भाग वाचतो. बाकीचे सात भाग वाफेचे आहेत, त्यांना मोठ्या तबकड्या लागतात, आणि त्या सांभाळायला रोज माणूस. साध्या उन्हावर झेपेल असा माल हवा असेल तर तो दही आणि पनीर. पनीर-दह्यासाठी दूध 80 ते 90 पर्यंत नेतात. नळ्यांचा हीटर आणि शेवटी थोडा गॅस, एवढ्यात ते बसतं. सात-आठ बायकांच्या गटानं रोजचं पन्नास-साठ लिटर दूध अडवून दही लावलं, तर डेअरीनं भाव पाडला तरी त्यांच्याकडे दुसरा दरवाजा उघडा राहतो. सगळं दूध तिकडे वळवायची गरज नाही. दरवाजा आहे, हे डेअरीवाल्याला माहीत असलं तरी त्याचा सूर बदलतो.

म्हणूनच 'प्रत्येक शेतकऱ्याला एक यंत्र' या घोषणेच्या मी विरोधात आहे. दोन गाईवाल्या घरात पंचवीस हजारांचा हीटर, स्टीलचं दुहेरी भांडं, रोज धुवायच्या चार नळ्या, बर्फाचा फ्रीझर हे सगळं एकाच बाईच्या डोक्यावर येतं. शेण, धार, वैरण, स्वयंपाक यांच्यावर आणखी एक. भांडं एक दिवस नीट धुतलं नाही की आत दुधाचा खडा धरतो, आणि खड्यात जंतू घर करतात. महिन्याभरात पाश्चरायझरच दूध नासवायला लागतो. गोबरगॅसची कितीतरी डोमं गावोगाव मातीनं भरलेली दिसतात, ती तंत्र वाईट होतं म्हणून नाही. पाच-दहा घरांमागे एक यंत्र, त्याची जबाबदारी घेणारं पगारी माणूस, आणि दह्याचं गिऱ्हाईक आधी ठरलेलं, असं असेल तर ते चालेल. नाहीतर त्यात कांदे ठेवतील.

आणि गट नसेल, दही विकायला जवळ गाव नसेल, दूध डेअरीतच जाणार असेल तर? तिथं माझं मत थोडं विचित्र वाटेल. तिथं सौर पाश्चरायझर नको, नुसता सोलर हीटर द्या. दुधात जंतू येतात ते कासेपेक्षा कितीतरी जास्त भांड्यातून. किटली, गाळणी, कॅन, झाकणाची रबरी रिंग. डेअरीतली बहुतेक भांडी थंड पाण्यानं आणि कपड्याच्या साबणानं धुतली जातात. थंड पाण्यानं फॅट सुटत नाही. 70 अंशांच्या पाण्यानं कॅन धुतला तर निरशा दुधाचे चार तास सहा होतील का, हे प्रत्येक डेअरीला आठवड्याभरात करून बघता येईल. त्यासाठी पाश्चर लागत नाही, आणि कुठलाही नवा शोध लागत नाही. पण असल्या गोष्टीचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला जागा नसते.

त्या एप्रिलच्या रात्री, टेम्पो शेवटी येऊन गेल्यावर, मी परत डेअरीवरून गेलो. तपासणारा पोरगा हातपंपावर कॅन धूत होता. फुटलेलं दूध कुणीतरी उकिरड्याकडे ओतलं होतं आणि तिथं तीन कुत्री होती. मी एका झाकणाची रिंग नखानं उचलून पाहिली. आत पिवळट चिकट थर होता, आणि आंबट वास.

"गरम पाणी नाही का?" मी विचारलं.

"कुठनं आणू दादा?" तो म्हणाला.

शेडचा पत्रा अजून इतका तापलेला होता की खाली उभं राहवत नव्हतं. वर एक जुना टायर पडला होता, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला.